गृहशिक्षणातील नित्य वाचन-संवाद आणि बालकांची शब्दसंपत्ती

प्रस्तावना

मुलास शाळेत न घालता घरीच शिकविण्याचा निर्णय घेणारी कुटुंबे पुणे, मुंबई यांसारख्या शहरांत आढळतात. अशा कुटुंबांची संख्या मर्यादित असल्याने शिक्षणविषयक चर्चेत त्यांचा विचार क्वचितच होतो. तथापि मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्यावर काही काळ प्रत्येक घरच शाळा झाले. घरातल्या घरात मुलाची भाषा कशी वाढवावी हा प्रश्न तेव्हापासून मूठभर कुटुंबांपुरता उरला नाही.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. ६ ते १४ वयोगटासाठी असलेल्या या कायद्यात गृहशिक्षणाचा स्पष्ट पुरस्कारही नाही व स्पष्ट निषेधही नाही. घरी शिकणारी अनेक मुले पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या माध्यमिक परीक्षेस बसतात. त्या परीक्षेसाठी वयाची किमान अट १४ वर्षांची आहे. याचा अर्थ असा की भाषाविकासाची जी निर्णायक वर्षे, त्या काळात मुलाच्या भाषेकडे कोणीही त्रयस्थ व्यक्ती पाहत नाही. गणितात मूल मागे पडले तर ते लवकर ध्यानात येते. शब्द कमी पडत असतील तर मात्र ते घरातील कोणाच्याच लक्षात येत नाही, कारण घरातील माणसे मुलाचे अर्धे वाक्यही पूर्ण समजून घेतात.

या उणिवेचे परिणाम पदवीच्या प्रथम वर्षाच्या वर्गात दिसतात आणि ते केवळ घरी शिकलेल्या मुलांपुरते मर्यादित नाहीत. 'कृतज्ञ' व 'कृतघ्न' यांत गल्लत करणारा विद्यार्थी प्राध्यापकांना नवा नाही. त्याला व्याकरण येत नाही असे नसते. शब्दांशी त्याचा सहवासच झालेला नसतो. हा सहवास घरात नियमितपणे घडविण्याचा एक साधा उपक्रम, त्यामागील शास्त्रीय आधार आणि त्याच्या मर्यादा यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

शब्दग्रहणाची प्रक्रिया

शब्द शिकणे म्हणजे शब्द व त्याचा अर्थ यांची जोडी पाठ करणे, अशी समजूत सार्वत्रिक आहे. शीतकपाटावर 'आजचा शब्द' चिकटवण्याची प्रथा याच समजुतीतून आली. प्रत्यक्षातील प्रक्रिया याहून गुंतागुंतीची आहे. सुझन केरी व एल्सा बार्टलेट या संशोधिकांनी १९७८ मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांवर केलेला प्रयोग या क्षेत्रात प्रसिद्ध आहे. मुलांसमोर दोन तबके होती, एक निळे व दुसरे शेवाळी हिरव्या रंगाचे. 'निळे नको, क्रोमियम रंगाचे आण' असे मुलास सहज बोलता बोलता सांगण्यात आले. हा शब्द त्या रंगासाठी मुलांनी कधीच ऐकलेला नव्हता, तरी मुलांनी बरोबर तबक आणले. सुमारे आठवड्यानंतरही त्या शब्दाची काही ना काही खूण अनेकांच्या मनात शिल्लक होती.

या प्रयोगाचा पूर्वार्धच बहुधा सांगितला जातो व मुले एका ऐकण्यात शब्द शिकतात असा निष्कर्ष काढला जातो. उत्तरार्ध अधिक महत्त्वाचा आहे. शिल्लक राहिलेली खूण अत्यंत पुसट होती. हा कोणता तरी रंग आहे एवढे काही मुलांना उमगले होते, नेमका कोणता ते नव्हे. पहिली ओळख क्षणात होते, पण अर्थ पक्का व्हायला महिने लागतात आणि त्यासाठी तोच शब्द निरनिराळ्या प्रसंगी पुन्हा भेटावा लागतो. गृहशिक्षणातील उपक्रमाची सारी रचना या एका गोष्टीवर उभी करावी लागते.

मग शब्द भेटावेत कोठे? नित्याच्या संभाषणात ते फारसे भेटत नाहीत. डोनाल्ड हेज व मार्गारेट आहरेन्स यांनी १९८८ मध्ये इंग्रजीतील निरनिराळ्या प्रकारच्या भाषाव्यवहारांची तुलना केली. महाविद्यालयीन पदवीधर प्रौढांच्या आपसांतील गप्पांपेक्षा मुलांच्या पुस्तकांत विरळ शब्दांचे प्रमाण अधिक असल्याचे त्यांना आढळले. प्राध्यापक-कक्षातील संभाषण ऐकणाऱ्यास याचे नवल वाटू नये.

पुस्तकातील शब्द मुलापर्यंत पोचण्याचा मार्ग म्हणजे मोठ्याने वाचन. वॉरविक एली यांनी न्यूझीलंडमधील प्राथमिक वर्गांत केलेल्या व १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गोष्ट नुसती ऐकूनही मुले काही शब्द शिकली. वाचता वाचता अपरिचित शब्दांचा थोडक्यात उलगडा केल्यावर मात्र ही वाढ दुपटीहून अधिक झाली. जेसिका हॉर्स्ट व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये तीन वर्षांच्या मुलांबाबत आणखी एक बाब दाखवून दिली. नवे शब्द तितक्याच वेळा ऐकूनही, वेगवेगळ्या गोष्टी ऐकणाऱ्या मुलांपेक्षा तीच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकणारी मुले ते अधिक चांगले शिकली. 'तीच गोष्ट परत सांग' हा मुलाचा हट्ट मोठ्यांना कंटाळवाणा वाटतो, परंतु तो त्याच्या शिकण्यास पोषक असतो.

वाचनासोबत संवाद हवा, हेही अनुभवसिद्ध आहे. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांना चित्रपुस्तक वाचण्याची वेगळी रीत शिकविली. तीत 'हो-नाही' उत्तराचे प्रश्न टाळावयाचे, मोकळे प्रश्न विचारावयाचे आणि मुलाचे तुटक वाक्य थोडे वाढवून त्याला परत द्यावयाचे होते. सुमारे महिन्याभरात या मुलांची भाषा तुलनेच्या गटापेक्षा पुढे गेली. शब्दांचा निव्वळ मारा मात्र फलदायी ठरतोच असे नाही. हार्ट व रिस्ले यांनी १९९५ मध्ये ४२ अमेरिकन कुटुंबांच्या अभ्यासावरून मांडलेला 'तीन कोटी शब्दांच्या दरीचा' सिद्धांत बराच गाजला. पुढे नमुन्याच्या लहानपणाबद्दल व गरीब कुटुंबांविषयीच्या गृहीतांबद्दल त्यावर कठोर टीका झाली आणि त्यातील अंतर नंतरच्या अभ्यासात तसे आढळलेही नाही. किती शब्द मुलाच्या कानी पडले यापेक्षा मूल किती वेळा उलट बोलले, म्हणजे संवादाच्या किती फेऱ्या झाल्या, याकडे अलीकडील संशोधनाचा कल आहे.

उपक्रमाचे स्वरूप

उपक्रम असा: एक आठवडा, एक गोष्ट, चार-पाच शब्द आणि दररोज वीस ते पंचवीस मिनिटे. वेळ ठरलेली असावी. दिवेलागणीनंतरची वेळ मराठी घराला नवी नाही. १९३५ मध्ये प्रकाशित झालेल्या 'श्यामची आई' या पुस्तकाची रचनाच रात्रीमागून रात्र सांगितलेल्या आठवणींची आहे. त्यातील प्रकरणांना 'रात्र' म्हटले आहे, कारण ऐकणारे रोज ठरल्या वेळी जमतात.

उदाहरणादाखल पंचतंत्रातील माकड व मगरीची गोष्ट घेता येईल. सहा-सात वर्षांच्या मुलासाठी तीत निवडण्याजोगे शब्द म्हणजे 'काळीज', 'विश्वासघात', 'प्रसंगावधान' आणि 'कबूल करणे'. 'जांभूळ' निवडू नये, ते बाजारात दाखविता येते. शब्दनिवडीविषयी इझाबेल बेक, मार्गारेट मॅककिऑन व लिंडा कुकन यांनी २००२ मध्ये केलेली त्रिस्तरीय मांडणी उपयुक्त आहे. पहिल्या स्तरात रोजच्या बोलण्यातून आपोआप येणारे शब्द, तिसऱ्यात विशिष्ट शास्त्राच्या संज्ञा आणि मधल्या स्तरात अनेक विषयांत भेटणारे, पण बोलण्यात क्वचित येणारे प्रौढ शब्द येतात. श्रम खर्च करावयाचे ते या मधल्या स्तरावर.

पहिल्या दिवशी गोष्ट अखंड वाचावी. शब्दापाशी थांबावे ते एका वाक्यापुरतेच. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. 'विश्वासघात म्हणजे दगा' असा एका शब्दासाठी दुसरा शब्द देणे निरुपयोगी असते, कारण ज्याला पहिला ठाऊक नाही त्याला दुसराही बहुधा ठाऊक नसतो. 'माकडाला वाटले मगर आपला मित्र आहे, म्हणून तो त्याच्या पाठीवर बसला आणि मगर त्यालाच मारायला निघाला. याला विश्वासघात म्हणतात' हे स्पष्टीकरण शब्दकोशात बसणार नाही, पण मुलाच्या मनात बसते.

दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट, मात्र प्रश्नांसह. माकडाने काळीज झाडावर ठेवले आहे असे का सांगितले? त्याजागी तू असतास तर काय केले असतेस? तिसऱ्या दिवशी शब्द पुस्तकाबाहेर काढावेत. 'काळीज' हा शब्द यासाठी फार संपन्न आहे. काळीज धडधडते, काळजाचे पाणी होते, आजी नातवाला काळजाचा तुकडा म्हणते. एकच शब्द भीती, दुःख व माया अशा तिन्ही घरांत जातो हे मुलाला उदाहरणांवरून कळते, व्याख्येवरून नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी गोष्ट मुलाने सांगावी व मोठ्या माणसाने ती मुलाच्याच शब्दांत लिहून घ्यावी. लिहिताना सुधारणा करू नये. निवडलेल्या शब्दांपैकी कोणता आपण होऊन आला व कोणता टाळला गेला, ही नोंद कोणत्याही चाचणीपेक्षा बोलकी असते.

'वाक्यात उपयोग करा' या पारंपरिक प्रश्नाविषयी येथे दोन शब्द लिहिणे अगत्याचे आहे. 'मला विश्वासघात आवडत नाही' हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे आणि त्याला पूर्ण गुण मिळतात. परंतु 'विश्वासघात'च्या जागी 'कारले' घातले तरी वाक्य बिघडत नाही. शब्द काढून टाकल्यावर त्याची जागा दुसऱ्या कोणत्याही शब्दाने भरता येऊ नये, असे वाक्य मुलाकडून येईपर्यंत तो शब्द त्याचा झाला असे मानू नये.

आठवड्याच्या अखेरीस शब्द शब्दवहीत जातात. विसरण्याचा वेग आरंभी तीव्र असतो व ठरावीक अंतराने केलेली उजळणी एकदम केलेल्या घोकंपट्टीपेक्षा टिकाऊ ठरते, हे हर्मान एबिंगहाउस यांच्या १८८५ मधील ग्रंथापासून ज्ञात आहे. म्हणून वहीतील शब्द आठवड्याने, महिन्याने व पुढे तीन महिन्यांनी पुन्हा काढावेत. त्यासाठी चिठ्ठ्या, कोडी, भेंड्या असे घरगुती खेळ पुरेसे आहेत.

क्रियापदांचा ऱ्हास आणि स्वयंपाकघर

मराठी कुटुंबांतील शब्दसंपत्तीचा विचार करताना नामांविषयीच काळजी व्यक्त होते. टेबल, पेन, मोबाइल हे शब्द आले म्हणून भाषा दुबळी होत नाही. जगातील सर्व जिवंत भाषा नामे उसनी घेतात. खरी झीज होत आहे ती क्रियापदांत, आणि तिची तऱ्हा एकच आहे. इंग्रजी शब्द घ्यावयाचा व त्यापुढे 'करणे' लावावयाचे: कट करणे, वॉश करणे, मिक्स करणे, फोल्ड करणे. एकेक असा प्रयोग पाच-सात मराठी क्रियापदांना कामावरून दूर करतो.

'कट करणे' याचेच पाहावे. कांदा चिरतात, केस कापतात, ऊस तोडतात, फांद्या छाटतात, कोवळी पाने खुडतात, पेन्सिल तासतात. ही सहा क्रियापदे केवळ सहा नावे नाहीत. हत्यार कोणते, पदार्थ कसा, किती बळ लागते, काय उरते अशा निरीक्षणांची ती साठवण आहे. 'वॉश करणे' या एका प्रयोगात भांडी घासणे, कपडे धुणे, पेला विसळणे आणि चूळ भरणे ही सगळी बुडून जातात. जो मुलगा 'विसळणे' जाणतो त्याला घासणे व विसळणे यांतील क्रमही कळलेला असतो.

गृहशिक्षणाला येथे शाळेच्या तुलनेत मोठी सोय आहे. 'पाखडणे' हा शब्द वर्गात फळ्यावर शिकविणे जवळजवळ अशक्य आहे. सूप हातात घेऊन मूठभर गहू पाखडले आणि कोंडा उडाला की पुन्हा सांगावे लागत नाही. त्याच ओघात चाळणे, निवडणे, कांडणे, भरडणे, दळणे, कुटणे, वाटणे, किसणे, खवणे, सोलणे, तिंबणे, लाटणे, थापणे असे शब्द क्रमाक्रमाने आणता येतात. पोळी लाटतात व भाकरी थापतात, हा भेद ज्वारीच्या पिठाला लाटण्याखाली फाटताना पाहिल्यावर सकारण कळतो. यातील काही साधने, जसे जाते, उखळ-मुसळ, पाटा-वरवंटा, शहरी घरांत उरलेली नाहीत. तेथे मिक्सरच्या भांड्यातून काढलेला जाडसर भरडा व मऊसूत वाटण बोटांनी चाचपून पाहणे एवढेही चालते. गावी गेल्यावर जाते ओढून पाहावे, तेवढ्याने शब्दाला वजन येते.

घरी शिकविणारी अनेक मराठी कुटुंबे अभ्याससाहित्य इंग्रजीतून घेतात. साहजिकच ज्ञानाची भाषा इंग्रजी होते व मराठी उरते ती खाण्यापिण्यापुरती. आता खाण्यापिण्याच्या क्रियापदांची जागाही 'करणे' घेत असेल, तर मुलाजवळ मराठीची चौकट राहते व आतील मजकूर निघून जातो. सर्व शाळांत मराठीचे अध्यापन सक्तीचे करणारा राज्याचा कायदा २०२० मध्ये झाला, पण त्याचा अंमल शाळेच्या दारापाशी संपतो.

शब्दकुल

आठ वर्षांनंतर उपक्रमास आणखी एक अंग जोडता येते. जीन बर्को यांनी १९५८ मध्ये मुलांना निरर्थक शब्द देऊन त्यांची अनेकवचने करावयास सांगितली व मुलांनी ती नियमानुसार केली. मुले शब्द जसेच्या तसे साठवीत नाहीत, त्यांतील घडण उचलतात, हे यावरून सिद्ध झाले. मायाळू, लाजाळू, झोपाळू, विसराळू ऐकलेले मूल एखादे दिवशी 'रडाळू' असा शब्द बनविते. त्याला चूक ठरवू नये. घडण त्याने बरोबर ओळखली आहे. लोक 'रडका' किंवा 'रडतराऊ' म्हणतात एवढे सांगितले की पुरे.

मागील गोष्टीतील 'विश्वासघात' येथे पुन्हा उपयोगी पडतो. अपघात, आघात, घातक, घातपात ही त्याची भावंडे. मूल रामायणातील शत्रुघ्न ओळखते, परंतु त्या नावाचा अर्थ 'शत्रूंना मारणारा' हे बहुधा त्याला कोणी सांगितलेले नसते. 'घात' व 'घ्न' दोन्ही संस्कृत 'हन्' या एकाच धातूपासून आले आहेत. हे कळल्यावर 'कृतघ्न', म्हणजे केलेले मारून टाकणारा, आणि 'कृतज्ञ', म्हणजे केलेले जाणणारा, यांत पुन्हा गल्लत होण्याचे कारण उरत नाही. महाविद्यालयात तासभर समजावूनही न ठसणारी गोष्ट दहाव्या वर्षी एका परिचित नावाच्या आधाराने ठसते. मात्र शब्दकुलाचा अतिरेक टाळावा. शब्द आधी गोष्टीत किंवा कृतीत भेटलेला असावा, त्याचे कूळ मागाहून.

मूल्यमापन

गुण देऊ नयेत. एडगर डेल यांनी १९६५ मध्ये शब्दपरिचयाच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत: शब्द कधीच न ऐकलेला, ऐकलेला पण अर्थ न कळणारा, संदर्भाने ओळखता येणारा आणि पूर्ण परिचित. महिन्यातून एकदा वहीतील दहा शब्द काढून मुलाने स्वतःच प्रत्येकाची पायरी सांगावी व मोठ्या माणसाने एखाद-दोन शब्दांबाबत पडताळा घ्यावा. शब्द दुसरीवरून तिसरीवर आला तरी ती प्रगतीच आहे.

घराची मर्यादा

या उपक्रमाची सर्वांत मोठी उणीव त्याच्या घरगुतीपणातच आहे. शाळेत पाच-सहा शिक्षक, शिपाईमामा व तीस-चाळीस मुले अशी अनेकांची भाषा कानी पडते. घरात ती एका किंवा दोन माणसांची असते. आईवडिलांच्या शब्दसंग्रहाची उंची हीच मुलाच्या शब्दसंग्रहाची कमाल मर्यादा होण्याचा धोका यात आहे, आणि उत्साही पालकांना तो सहसा दिसत नाही.

यावर उपाय म्हणजे घरात इतरांची भाषा आणणे. बालभारतीतर्फे १९७१ पासून निघणारे 'किशोर' मासिक त्यासाठी उत्तम, कारण त्यात प्रदेश, व्यवसाय व पिढी यांनुसार भिन्न लेखकांची मराठी एकत्र मिळते. आजी-आजोबांकडून ऐकलेल्या आठवणी, सुतार, कुंभार, शिंपी यांच्याकडे घालविलेली एक सकाळ, हेही तितकेच उपयोगी. बोलीचे शब्द वहीत प्रमाण शब्दाच्या शेजारी, त्याच मानाने लिहावेत. मालवणी घरातील 'चेडू' आणि 'झील', वऱ्हाडातील 'पोट्टा' हे 'मुलगी', 'मुलगा' या शब्दांच्या चुकीच्या आवृत्त्या नव्हेत. बोली चुकीची आहे असे एकदा मुलाच्या मनात भरले की ते आजीशी बोलणे कमी करते, आणि मग शब्दांचा एक जिवंत झराच बंद होतो.

शब्दकोश मुलाच्या हाताला लागेल असा ठेवावा. १९३२ ते १९३८ या काळात प्रसिद्ध झालेला दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' आणि मोल्सवर्थ यांच्या कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती हे दोन्ही आता संगणकावर विनामूल्य पाहता येतात. सात वर्षांचे मूल ते स्वतः वाचू शकणार नाही. परंतु वाचता वाचता मोठे माणूस अडते, 'हा शब्द मलाही माहीत नाही' असे म्हणते आणि कोश उघडते, हे त्याने पाहिले पाहिजे. यासाठी वहीच्या मागील बाजूची काही पाने मोठ्यांसाठी राखून ठेवावीत. आई, वडील वा आजोबा यांना ज्या शब्दापाशी थांबावे लागले तो शब्द तेथे लिहावा, तारीख घालावी आणि महिन्याअखेर त्यांची पायरी मुलाने विचारावी.